आईच्या टाक्यातली चिलापी

पहिलं नाव आक्कांचं. टँकरच्या धंद्यात पाणी कुठलं हे कोणी विचारत नाही, म्हणून मी न विचारताच सांगतो: माझ्या अंगात आज जे काही पाणी आहे, ते सुलाक्कांच्या विहिरीचं आहे. दिवाळी अंकाचे संपादकसाहेब म्हणाले होते, आधी प्रसंग लिहा, माणसं मागून येतील. पण मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. मला क्रम लावता येत नाही, उपकार तेवढे लक्षात राहतात.

उचगावच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की खडी मशिनच्या धुरळ्यात एक वळण लागतं. त्या वळणावर आक्कांची खानावळ. वर पत्रा, पुढं बाकडी, मागं विहीर. विहीर आक्कांच्या नवऱ्यानं स्वतः खणून दगडानं बांधलेली. तो गेला, विहीर राहिली. आता खाणीच्या टेकडीच्या त्या अंगाला पाणी असलेली तेवढी एकच विहीर आहे, आणि ही सगळी हकिगत तिच्यासाठीच आहे हे आधीच सांगून ठेवतो.

मी हिंगोलीकडचा. आमच्या गावची नदी वाळूच्या ट्रकात बसून शहराला गेली. त्याच ट्रकांपैकी एकावर मी क्लीनर होतो. म्हणजे नदीनं आणि मी एकाच वाटेनं गाव सोडलं. फिरत फिरत कोल्हापूरला आलो तर कावीळ झाली. ड्रायव्हरनं मला आक्कांच्या बाकड्यावर बसवलं, म्हणाला, "परतीला घेतो." तो अजून परतीवर आहे.

आक्का बाहेर आल्या. "काय पावणं, जेवणार का नुसतं बाकडं झिजवणार?"

मी उठायला गेलो आणि त्यांच्या दारातच ओकलो.

"आगं आई! डोळं हळदीगत झाल्यात की ह्येचं. कुठलं हाईस? घरात कोण?"

"माय आहे. लई लांब हाय."

"लांब असू दे. आत ये. आणि ह्या वड्याचं पाणी प्यालास तर तंगडं मोडतो. माझ्या हिरीचं पी."

कोल्हापूरची बाई 'मोडतो' म्हणते तेव्हा खरंच मोडेल असं वाटतं. मी पिठाच्या पोत्यांशेजारी पडून राहिलो. ताकभात, उसाचा रस आणि विहिरीचं पाणी. बरा झालो तेव्हा आक्कांनी मला खाणीच्या मालकांपुढं उभं केलं. "टँकरवरचा गडी गेलाय न्हवं तुमचा? ह्यो घ्या. माझा माणूस हाय. काय वंगाळ केलं तर माझ्या खानावळीला कुलूप लावा." जिला मी नावानिशी धड माहीत नव्हतो, तिनं माझ्यासाठी स्वतःचं दार गहाण ठेवलं. तेव्हापासून गावात मला 'पावणं' म्हणतात. केस पांढरे व्हायला लागले, मी अजून पावणंच आहे.

मालकांचं नाव लिहीत नाही. अजून त्यांच्याच टँकरवर आहे. ते दिवाळी अंक वाचत नाहीत याची खात्री करून घेतली आहे, तरी नाव नकोच.

आता काम काय, ते सांगतो. खाणीत सुरुंग लावून दगड फोडतात, तो मशिनमध्ये जातो, त्याची खडी होते, बारीक ग्रिट होते, आणि उरलेली धूळ हवेत जाते. हवेत धूळ जाऊ नये असा कायदा आहे. म्हणून टँकर असतो. मी ज्या धुळीवर पाणी मारतो ती धूळ म्हणजे टेकडीच, फक्त बारीक झालेली. लोक डोंगरावर चढायला जातात, आम्ही डोंगर श्वासात घेतो.

पाणी खाणीच्या खड्ड्यातलं. खाण खोल गेली तसं खड्ड्यात आपोआप पाणी यायला लागलं. कुठून येतं हे विचारायचं नाही. पाणी असलं की दगड काढता येत नाही, म्हणून मोठा पंप लावून ते दिवसभर ओढ्यात सोडायचं. उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या की त्यातलंच थोडं टँकरमध्ये भरून गावाला द्यायचं, आणि टँकरवर मालकांचा फोटो: 'तहानलेल्यांचा आधार'. फोटोत मालक हात जोडून उभे आहेत. एक म्हातारी घागर भरता भरता त्या फोटोला रोज म्हणायची, "आमचंच पानी आमास्नी देतोस व्हय रं बाबा?" फोटो हसतच राहायचा.

आणि तिसरं काम, झाडं धुणं. हे ऐकून माझी माय फोनवर एवढी हसली की तिला ठसका लागला. नवा होतो तेव्हा मला वाटायचं, इकडचा कडुलिंब पांढऱ्या पानांचाच असतो. मग एक दिवस मालक म्हणाले, "पावणं, उद्या प्रदूषणवाले साहेब येणार. झाडं हिरवी करून ठेवा." प्रेशरचा पाइप घेऊन दिवसभर रस्त्याकडेची झाडं धुतली. खालून खरोखर हिरवी निघाली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी घोटाळा केला, वरच्या रस्त्यानं आले. ती बाजू मी धुतलीच नव्हती. साहेबांनी पांढरी झाडं बघितली, थोडं पुढं जाऊन हिरवी बघितली आणि मालकांकडं बघितलं.

"साहेब, ही झाडं उशिरा हिरवी हुत्यात," मालक म्हणाले. "नैसर्गिक हाय."

हा मालकांचा आवडता शब्द. घराच्या भिंतीला तडा गेला म्हणून कोणी आलं की, "जमीन हालतीया, नैसर्गिक." दमा झाला म्हणून कोणी आलं की, "हवा बदललीया, नैसर्गिक." ओढा गढूळ झाला, नैसर्गिक. मालकांचं ऐकलं तर टेकडीसुद्धा स्वतःहूनच खाली बसली. इतक्या वर्षांत मला एवढं कळलं की, निसर्ग हा एकटाच असा आरोपी आहे जो कधी तारखेला हजर राहत नाही. म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात.

खरं बोलायचं तर गावही काही कमी नाही. उसाला पाणी हवं म्हणून प्रत्येकानं रानात बोअर मारलेत, एकाचं पाणी लागलं की दुसरा त्याच्याहून खोल जातो. वरच्या अंगाची झाडी सरपणाला आणि वीटभट्टीला गेली. पाऊसही पूर्वीसारखा पडत नाही. येतो तेव्हा आभाळ फाटतं, नाही तर नुसती भुरभुर. म्हणजे निसर्गाचा थोडा हात असेलच. पण त्याचा हात किती आणि आमचे किती, हे मोजायला बसलं की सगळे एकदम हात मागं घेतात.

आता टाक्याकडं येतो.

टेकडीच्या पोटात कातळात कोरलेलं एक टाकं आहे. आईचं टाकं. आई म्हणजे टेकडीवरची देवी. टाक्यात झरा होता. गावातली म्हातारी माणसं सांगतात, दुष्काळातही तो थांबला नाही. आमच्या भागात आषाढात देवीला नवं पाणी वाहायची रीत आहे. पावसाचं नवं पाणी आलं की मंगळवारी नाही तर शुक्रवारी पोरीबाळी डोक्यावर घागरी घेऊन निघतात, पुढं पी-ढबाकचं, म्हणजे पिपाणी आणि ढोलाचं वाजप, आणि ते पाणी देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. कोल्हापूर शहरात नदीचं पाणी नेतात. आमच्या गावात टाक्याचं. टाकं आषाढात तुडुंब भरून वाहायचं, तेच नवं पाणी.

त्या वर्षी आषाढ लागला आणि टाकं कोरडं. पाऊस होता, पण तो टेकडीवर मुरायच्या ऐवजी खाणीच्या कड्यावरून सरळ खड्ड्यात उतरत होता. खड्डा भरलेला, टाक्यात शेवाळ वाळून पापडासारखं सुटलेलं.

त्याच सुमारास कोणी तरी वर तक्रार केली की, खाणीमुळं आईचं टाकं आटलं. तक्रार कोणाची हे आजवर कळलं नाही. गावात प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेतो. वरून कळलं की भूजलाचे साहेब तपासायला येणार. टाकं आटलंय का, आणि आटलं असेल तर निसर्गानं की माणसानं, हे ते ठरवणार. नेमकं याच वेळी मालकांनी खाण वाढवायचा अर्ज घातला होता. वाढवायची ती कोणत्या बाजूला? आक्कांच्या विहिरीमागच्या रानात. टाकं जिवंत दिसलं तर तक्रार खोटी ठरणार, अर्ज मंजूर होणार, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विहिरीचं पाणी खड्ड्यात उतरणार. हे समजायला शाळा लागत नाही.

बैठक आक्कांच्या खानावळीतच झाली. मालक आले आणि यात्रा कमिटीचे तात्या आले. तात्या म्हणजे गावचं वजनदार माणूस. बोलताना आधी मिशीला हात जातो, मग तोंड उघडतं. मी कोपऱ्यात भाकरी खात होतो.

"तात्या," मालक म्हणाले, "शुक्रवारी नवं पाणी आणि शुक्रवारीच साहेब. टाकं भरल्यालं पायजे."

"पायजे की. पर आईच्या पायरीवर टँकरचं पाणी वतायचं म्हंजे गाव शेण घालंल तोंडात."

"पायरीवर न्हाई ओ. टाक्यात वतायचं. टाक्यातनं घागरी भरायच्या."

तात्यांचा हात मिशीवर बराच वेळ राहिला. "व्हय की. टाक्यात पडलं की ते टाक्याचंच झालं."

आक्का चहा ओतत होत्या. किटली तशीच धरून म्हणाल्या, "आईला फसवतासा व्हय तात्या?"

"आईला न्हाई ग. साहेबाला. आईला समदं ठाव असतंय, तिला कशाला फसवायचं?"

मालक हसले. "आक्का, तुमी काळजी करू नका. रान घेतलं तरी तुमच्या हिरीला धक्का न्हाई. आणि झालंच उद्या कमीजास्त, तर टँकर हाय की. रोज दारात उभा करतो."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "कुणाचा टँकर? ह्येचा?"

मालकांनी मान हलवली.

सगळे गेल्यावर मी ताट तसंच ठेवून म्हणालो, "आक्का, मी नाही ओतत. दुसरीकडं काम बघतो."

"कुठं बघतोस? तुझ्या आईला काय धाडणार महिन्याला? धुरळा?"

"पण विहीर..."

"तू न्हाई वतलंस तर दुसरा वतंल. त्यो दुसरा माझ्या बाकड्यावर जेवणार न्हाई, एवढाच फरक. वत गप. आणि ताट संपीव, अन्न टाकू नये."

तर दुसऱ्यांदाही त्यांनीच मला वाचवलं, आणि या वेळी स्वतःच्या विहिरीच्या बदल्यात. मी ताट संपवलं. चव कळली नाही.

इथं फुटवॉलची एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. खड्ड्यातलं पाणी टँकरमध्ये ओढायला जाड पाइप असतो. त्याचं टोक पाण्यात बुडतं. त्या टोकाला फुटवॉल, म्हणजे ओढलेलं पाणी मागं न सोडणारी झडप, आणि त्याला जाळी, म्हणजे पाण्याबरोबर काडीकचरा आत येऊ नये. आमची जाळी फाटलेली. मी मालकांना कितीदा तरी म्हणालो, "मालक, जाळी नवी आणू का?" दर वेळी एकच उत्तर: "पाणी येतंय न्हवं? मग जाळी काय चाटायची हाय?"

खड्ड्यात चिलापी होती. चिलापी हा असा मासा की डबकं दाखवलं की संसार मांडतो. कुणी आणून सोडली माहीत नाही. रविवारी अर्धा गाव गळ घेऊन खाणीच्या काठावर बसलेला असायचा. बोटाएवढी पिल्लं फाटक्या जाळीतून टँकरमध्ये यायची. उन्हाळ्यात एखाद्या बाईच्या घागरीत पिल्लू निघालं की ती म्हणायची, "ताजं हाय बघ पाणी." मी मान डोलवायचो. ताजंच होतं.

शुक्रवारी सकाळी मी खेपा करून टाकं काठोकाठ भरलं. मालकांनी टाक्यावरून देवळापर्यंत सिमेंटचा रस्ता केला होता, 'भक्तांच्या सोयीसाठी'. भक्तांच्या आधी माझा टँकर त्याच्यावरून गेला. तात्या छत्री घेऊन उभे होते आणि पाइपातून धो धो पडणाऱ्या पाण्याकडं बघून हात जोडत होते.

दहाच्या सुमारास साहेब आले. अंगानं किरकोळ, पायात गमबूट, बरोबर फोटो काढणारा एक माणूस. या खेपेला मी दोन्ही रस्त्यांची झाडं धुतली होती. साहेबांनी टाकं बघितलं.

"तक्रारीत तर आटलंय असं म्हटलंय."

"भरलंय की साहेब डोळ्याम्होरं," मालक म्हणाले. "मधी जरा कमी झालतं. नैसर्गिक."

तेवढ्यात वाजप आलं. पी-ढबाक, पी-ढबाक. हिरव्या बांगड्यांचे हात, लिंबाचे डहाळे, घागरी. पहिल्या पोरीनं टाक्यात घागर बुडवली आणि किंचाळली.

"मासा! मासा हाय ह्येच्यात!"

घागरीत बोटभर चिलापी उड्या मारत होती. टाक्यात वाकून बघितलं तर आणखी तीन-चार. मी गर्दीच्या मागं सरकलो.

वाजंत्र्यांचा पी वाजला, ढबाक राहिला. त्या गर्दीत एकही माणूस नसेल ज्यानं चिलापी ओळखली नाही. गेल्या रविवारी त्याच जातीचं कालवण ओरपलेली तोंडं होती ती. पण आता बोलणार कोण? बोललं तर टँकर आला, टँकर आला तर नवं पाणी गेलं.

तात्यांनीच तोड काढली. हात वर करून ओरडले, "आईनं मासा धाडला! चांगभलं!"

"चांगभलं!" सगळं गाव. रविवारी चिलापी भाजून खाणाऱ्यांनी माशाला हळद-कुंकू वाहिलं. मासा पुन्हा टाक्यात सोडला. ढबाक पुन्हा सुरू झाला.

साहेब मात्र टाक्याच्या काठावर उकिडवे बसले होते. "या टाक्यात पूर्वी मासे होते का?"

तात्यांची छाती फुगलेली. "कधीच न्हाई साहेब! माझ्या आज्या-पंजापास्नं न्हाई. पैल्यांदाच! लिव्हा तुमी, लिव्हा."

साहेबांनी लिहिलं.

दुपारचं जेवण आक्कांकडं. आषाढातली यात्रा, म्हणजे तांबडा-पांढरा आलाच. मालकांनी साहेबांसाठी खास सांगून ठेवलं होतं. आक्का वाढत होत्या. रस्सा झाला, सुकं झालं, आणि मग त्यांनी साहेबांच्या ताटात तव्यावरची कुरकुरीत मासळी वाढली. चांगली हातभर लांब.

साहेबांनी तुकडा मोडला. "छान आहे. कुठला मासा हा?"

"चिलापी," आक्का म्हणाल्या. "खाणीतली. आपल्याच मालकांच्या खड्ड्यातली. लई झाल्यात तिथं, पोरं रविवारी धरत्यात. अजून एक घ्या की, लाजू नका."

मालकांचा हात रश्श्याच्या वाटीत तसाच राहिला. तात्यांना एकदम खोकला आला.

साहेब शांतपणे काटे काढत होते. "खाणीच्या खड्ड्यात हा मासा आहे. टाक्यात तोच मासा आहे, आणि पूर्वी कधीच नव्हता. मग तो टाक्यात आला कसा?"

मी दारात उभा होतो. मला तिथून दिसत होतं, मालकांच्या डोक्यात हिशेब चालू आहे. टँकरनं आला म्हणावं, तर टाकं आटल्याचं कबूल. देवीनं धाडला म्हणावं, तर ते सरकारी कागदावर बसत नाही. तात्यांकडं बघितलं, तर तात्या ताटातल्या कांद्याशी बोलत होते. शेवटी मालकांच्या तोंडून तोच शब्द निघाला, जो गेली कित्येक वर्षं त्यांना प्रत्येक संकटातून बाहेर काढत आला होता.

"नैसर्गिक असंल साहेब. आतनं कुठनं तरी. आपोआप आला असणार."

"आतून," साहेब म्हणाले. "म्हणजे खड्डा आणि टाकं जमिनीखालून जोडलेले आहेत."

"व्हय... न्हाई, म्हंजे..."

"मासा येतो म्हणजे पाणीही येतं-जातं. टाक्याचं पाणी खड्ड्यात उतरू शकतं." साहेबांनी बोटं चाटली. "मग आजूबाजूच्या विहिरींचंही. खाण या बाजूला वाढवण्याआधी नीट अभ्यास करावा लागेल. तोवर थांबावं लागेल."

आक्का म्हणाल्या, "भात वाढू?"

मला कबूल करायला हवं, त्या क्षणी मला हसू फुटलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. जे खरं होतं, की टाक्याचं पाणी खड्ड्यानं प्यालं, ते उघड सांगणारा एक माणूस गावात निघाला नाही. ते माझ्या टँकरमधून आलेल्या खोट्या माशानं सांगितलं.

जेवण झाल्यावर साहेब हात धुवायला मागं विहिरीवर आले. माझा टँकर तिथंच लावलेला, पाइप गुंडाळून ठेवलेला. साहेबांनी आक्कांच्या विहिरीत डोकावलं, काठाचा दगड हातानं चाचपला. मग त्यांचं लक्ष पाइपच्या टोकाकडं गेलं. फुटवॉल त्यांनी हातात घेऊन फिरवला. फाटक्या जाळीतून त्यांचं बोट आरपार गेलं.

"जाळी फाटलीय तुमची."

"हो साहेब. मालकांना सांगितलंय. नवी आणतोच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फुटवॉल होता तसा खाली ठेवला. "घाई नाही," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

या दोन शब्दांचा अर्थ मी अजून लावतो आहे. रस्त्यात पांढऱ्या रंगाची सरकारी गाडी दिसली की मी अजून टँकर कडेला घेतो.

संध्याकाळी मालकांनी बोलावलं. "मासा कुणी टाकला?"

"कुणी नाही मालक. फुटवॉलची जाळी..."

"गप!" मग आवाज खाली आणून, "कुठं बोलला न्हाईस न्हवं?"

"नाही."

"बोलू नगंस." मला कामावरून काढावं असं त्यांच्या मनात आलं असणार. पण काढलेला माणूस बोलतो. तेव्हापासून माझी नोकरी जाळीच्या भोकावर चालली आहे. भोक तसंच आहे.

पुढची मजा गावानं केली. आईनं धाडलेले मासे मरून कसं चालेल? टाकं तर आतून कोरडंच. तात्यांनी मालकांना गाठलं, म्हणाले, "यात्रा कमिटीचा ठराव हाय, टाकं आटता कामा न्हाई." आता दर दोन-तीन दिवसांनी मी खड्ड्यातलं पाणी टाक्यात ओततो. टँकरवर नवा फोटो लागला आहे: 'आईच्या मत्स्यसेवेत'. मालक तसेच हात जोडून उभे. भक्त चुरमुरे टाकतात, चिलापी चांगल्या पोसल्यात. टाक्याला खाली भेग असावी, कारण कितीही ओतलं तरी पाणी उतरतं. कुठं जातं विचारलं तर आक्का म्हणतात, "कुठं जाईल? माझी हिर खालच्या अंगालाच हाय की." खरं-खोटं साहेबांचा अभ्यास झाला की कळेल. तो अजून सुरू झालेला नाही, आणि कोल्हापुरात इतकी कृतज्ञता मला कुठल्याच सरकारी उशिराबद्दल वाटली नव्हती.

पण भ्रमात राहायला नको. अर्ज थांबला आहे, मेलेला नाही. रोज भोंगा वाजतो, सुरुंग उडतो, आणि आक्कांच्या भांड्यांच्या फळीवर पेले किणकिणतात. आक्का पेले सरळ करतात आणि भाकरी थापतात. या उन्हाळ्यात विहिरीच्या दोन पायऱ्या जास्त उघड्या पडल्या. मी वाकून बघितलं तर आक्का मागून म्हणाल्या, "काय बघतोस? हाय अजून. पी."

मी प्यालो. तीच चव.

आक्का, तुम्ही हे वाचणार नाही, चष्मा लावायचा तुम्हाला कंटाळा आहे. संपादकसाहेब जेवायला आले की वाचून दाखवतील. तुमचा नवरा दर वैशाखात विहिरीत उतरून गाळ काढायचा, असं तुम्ही सांगता. तो गेल्यापासून ते राहिलं. खड्ड्याचा पंप ज्या वर्षी थांबेल, त्या वैशाखात मी उतरणार आहे आणि तळाचा दगड दिसेपर्यंत गाळ काढून देणार आहे. तोवर दुसरं काही माझ्या हातात नाही, एकच वचन देतो: तुमच्याच विहिरीचं पाणी खड्ड्यातून भरून माझा टँकर तुमच्या दारात कधी उभा राहणार नाही. टँकरवाल्यानं याहून मोठी फेड काय करायची? आणि ती फिटेपर्यंत मी आहेच, पावणा म्हणून, मागच्या बाकड्यावर.